चिपळूणच्या कापड दुकानदाराची नादारीची फाइल: अर्जाआधीचे आठ महिने

पार्श्वभूमी

चिपळूणच्या बाजारपेठेत भाड्याच्या गाळ्यात तयार कपड्यांचे दुकान. दुकानदार सत्तेचाळीस वर्षांचे, पत्नी घरी शिवणकाम करते, दोन मुले शिकतायत. गावी वडिलोपार्जित घर आणि तीन गट नंबरांत सामाईक जमीन. सातबाऱ्यावर तेरा नावे, त्यातली निम्मी मुंबईत. नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा गाळ्यात गणपतीच्या हंगामासाठी भरलेला सुमारे १४ लाखांचा माल होता. १२ लाखांचा माल गेला. विमा होता, पण ७ लाखांचाच, कारण कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावरचे बँकेचे फिरते कर्ज) घेताना जो आकडा लिहिला तोच दरवर्षी पुढे ओढला गेला. माल १४ लाखांचा आणि विमा ७ लाखांचा असेल, तर कंपनी नुकसानही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच, धरते. १२ लाखांच्या नुकसानीवर हातात आले ६ लाख. मालावर बँकेचा बोजा असल्यामुळे तेही आधी बँकेच्या खात्यात गेले. दुकान पुन्हा भरायला तिथूनच पैसे उचलले आणि बाकीची भर पतसंस्था, ऑनलाइन वित्त कंपनी, सावकार अशी जिथून मिळेल तिथून घातली.

दोन वर्षांनी, २०२३ च्या गणपतीनंतर, हिशेब कागदावर मांडला तेव्हा चित्र असे होते:

- बँकेचे कॅश क्रेडिट, मालावर बोजा: ६,४०,०००
- पतसंस्थेचे जामीनकी कर्ज, दोन जामीनदार, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघालेला: ३,८५,०००
- वित्त कंपनीचे विनातारण कर्ज: २,१०,०००
- घाऊक व्यापाऱ्याची उधारी, त्यातला ९०,००० चा एक चेक न वटलेला: २,७५,०००
- साडूकडचे हातउसने: १,१०,०००
- सावकार, शेकडा ५ दरमहा: १,००,०००
- सोनेतारण, ६० ग्रॅम दागिने: १,८०,०००
- जीएसटीची थकबाकी: ३८,०००

एकूण १९,३८,०००. पत्नीचे बचत गटाच्या मार्गाने घेतलेले मायक्रोफायनान्सचे ४६,००० वेगळे.

दुकानातून सरासरी १४,००० सुटत, शिवणकामाचे ६,०००. मायक्रोफायनान्सचा हप्ता धरून घरखर्च १४,३००. उरतात ५,७००. बँकेचे व्याज सोडून महिन्याची मागणी मात्र २४,१०० ची.

प्रश्न

दुकानदार मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा समितीकडे आले ते एक वाक्य घेऊन: "दिवाळं काढायचंय, म्हणजे सगळं एकदाचं मिटेल." अडचण या 'सगळं' शब्दात होती.

इंटरनेटवर वाचून आलेल्या माणसाच्या डोक्यात २०१६ ची दिवाळखोरी संहिता असते. तिच्यात छोट्या कर्जदारासाठी नव्याने सुरुवात करण्याची सोय लिहिलेली आहे, पण व्यक्तींसाठीचा तो भाग अजून लागूच झालेला नाही. अपवाद कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांचा. चिपळूणच्या दुकानदाराला लागू होतो तो प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) अधिनियम, १९२०, आणि अर्ज जातो जिल्हा न्यायालयात. कायदा शंभर वर्षांचा असल्याने आकडेही तेव्हाचेच आहेत: अर्जाला किमान ५०० रुपयांचे कर्ज पुरते.

या कायद्यात आपल्या दुकानदाराला काय मिळत होते, ते कर्जानुसार तपासले.

तारण असलेल्या धनकोचा, म्हणजे कर्ज देणाऱ्याचा, तारणावरचा हक्क नादारीने जात नाही. म्हणजे बँकेचा माल आणि तारणातले सोने बाहेरच. सरकारी देणे मुक्ततेच्या, म्हणजे उरलेल्या कर्जातून सोडवणाऱ्या, हुकमानंतरही राहते, त्यामुळे जीएसटी बाहेर. चेक न वटल्याचा कलम १३८ चा खटला फौजदारी आहे, तो नादारीने थांबत नाही. जामीनदार मोकळे होत नाहीत. उलट कर्जदार नादार झाला की पतसंस्था पहिला मोर्चा त्यांच्याकडेच वळवते. राहिले वित्त कंपनी, व्यापाऱ्याची उरलेली उधारी, साडू आणि सावकार. १९ लाखांच्या डोंगरातले जेमतेम ६ लाख.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. अर्ज दाखल झाला म्हणून फोन थांबत नाहीत आणि दरखास्ती (निकालाची अंमलबजावणी मागणारे अर्ज) आपोआप थांबत नाहीत. न्यायालयाने नादार ठरवल्याचा हुकूम झाल्यावरच मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, धनकोंना परवानगीशिवाय दावा लावता येत नाही आणि अटकेपासून संरक्षण मागता येते. तोवरचे महिने स्वतःच काढावे लागतात.

फाइल कशी तयार झाली

अर्जात काय लागते ते कायद्यात स्पष्ट आहे: कर्ज फेडता येत नाही असे विधान, राहण्याचा पत्ता, प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता आणि रक्कम, स्वतःची सगळी मालमत्ता, तिची किंमत आणि ठिकाण, ती न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारी, आणि आधी असा अर्ज केला होता का. ऐकायला सोपे. यालाच दहा आठवडे गेले.

धनकोंची यादी आठवणीतून करायची नाही. चारही पतमापन कंपन्या, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. चारही काढले, कारण एकातले दुसऱ्यात सापडतेच असे नाही. पतसंस्था, सावकार आणि हातउसने यांचा मेळ वही आणि पासबुकातून घातला.

खरी अडचण हिशेबाच्या वह्यांची. मुक्ततेच्या वेळी न्यायालय पाहते की अर्जाआधीच्या तीन वर्षांत धंद्याला साजेसे हिशेब ठेवले होते का. २०२१ च्या वह्या चिखलात गेल्या होत्या. त्या जीएसटीच्या पोर्टलवरची विवरणपत्रे आणि बँकेचे खातेउतारे जुळवून महिन्यागणिक पुन्हा उभ्या केल्या. सोबत पुराचा पंचनामा आणि विमा सर्व्हेअरचा अहवाल लावला. तो पंचनामा या फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद. मालमत्तेतून रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर पूर्ण मुक्तता नाकारली जाते, मात्र ती स्थिती कर्जदाराच्या दोषाने आलेली नाही हे दाखवता आले तर मार्ग खुला राहतो.

मालमत्तेच्या यादीत लोक दोन गोष्टी हमखास विसरतात. एक, लोकांकडे असलेली आपली उधारी. दुकानाच्या वहीत गिऱ्हाइकांकडे ६२,००० येणे होते. दुकानदाराच्या लेखी ते "बुडालेलंच". कायद्याच्या लेखी ती मालमत्ता, आणि तीन वर्षांच्या मुदतीआधी वसूल व्हायला हवी. दुसरी, सामाईक जमिनीतला हिस्सा. "माझ्या नावावर काही नाही" असे म्हणणाऱ्या कोकणी माणसाचे नाव कुठल्या ना कुठल्या सातबाऱ्यावर निघतेच. महाभूमीवरून डिजिटल सातबारा १५ रुपयांत मिळतो. तीन गटांचे सातबारे, ८अ आणि फेरफार काढले. हिश्शाला येत होते १७ गुंठे, ८ हापूसची कलमे आणि १२ काजू. वार्षिक मूल्य दर तक्त्याप्रमाणे किंमत सुमारे ३,२०,०००.

जप्तीतून सुटणाऱ्या वस्तूंची यादी वेगळी केली: कपडे, भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, आयुर्विम्याची रक्कम. पत्नीचे शिलाई मशीन तिचे स्वतःचे, म्हणून या यादीत नव्हतेच. गावचे घर राहते का, यावर घरात बरीच चर्चा झाली. शेतकऱ्याचे राहते घर सुटते हे खरे, पण ज्याचे पोट दुकानावर आहे त्याला न्यायालय शेतकरी मानेल असे धरून चालता येत नाही.

खर्च? वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून. घरचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असल्याने तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुरला. पत्नीला स्वतःसाठी वकील हवा असता तर उत्पन्नाची अटही नव्हती, महिलांना ती लागू नाही. खिशातून गेले ते उतारे, झेरॉक्स, नोटरी आणि एसटीचे भाडे.

पर्याय

"कर्जमुक्ती करून देतो" म्हणणारे एजंट पंधरा हजार आगाऊ मागत होते. तो पर्याय पाच मिनिटांत संपला. सगळी कर्जे एकत्र करणारे नवे कर्ज कोणी देणार नव्हते. काहीच न करणे हाही पर्याय असतो आणि ज्याच्याकडे खरोखर काही नाही त्याला तो कधीकधी परवडतो. इथे दोन जामीनदार होते, त्यातले एक शेजारच्या गाळ्यातले, रोज समोर दिसणारे. त्यामुळे तोही गेला.

उरले दोन: लगेच अर्ज, किंवा अर्जाची फाइल पूर्ण करून ती हातात ठेवून एकेका धनकोशी बोलणे. या दोहोंतल्या निवडीआधी एक घोळ निस्तरायचा होता.

हक्कसोडीचा प्रश्न

मुंबईचे मोठे भाऊ फोनवर म्हणाले, "अरे, आधी हक्कसोड करून टाक माझ्या नावे. मग काय अर्ज करायचा तो कर. जागा घरात राहील."

कोकणात हा सल्ला इतका सहज दिला जातो की त्यात काही चूक आहे असे कोणालाच वाटत नाही. बहिणी देतात, काका देतात, मुद्रांक शुल्कही किरकोळ. पण मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतर आणि त्यानंतर दोन वर्षांत आलेला नादारीचा अर्ज, असे जुळले की रिसीव्हर ते रद्द करवू शकतो. मग जागा जातेच, वर न्यायालयापुढे लपवाछपवीचा शिक्का बसतो आणि मुक्ततेच्या वेळी तो नडतो. दुय्यम निबंधकाकडे वेळही घेऊन झाली होती. ती रद्द केली.

तीच जागा, तोच भाऊ, पण पूर्ण किमतीचे नोंदणीकृत खरेदीखत आणि पैसे बँकेतून, असा तोडगा निघाला. चांगल्या हेतूने योग्य मोबदला देऊन घेतलेल्या खरेदीला हा दोन वर्षांचा नियम लागत नाही. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नसल्याने बाहेरचे गिऱ्हाईक तसेही कमी. भाऊ आधीच सातबाऱ्यावर होते. ३,२०,००० हा आकडा दर तक्त्याचा, घरात ठरवलेला नव्हे. तक्त्याची प्रत खरेदीखताला जोडली आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च भावाने केला. भाऊ आठवडाभर रागावले होते. फुकट मिळणाऱ्या जागेचे पैसे मोजायचे म्हटल्यावर ते साहजिकच.

दुसरा घोळ साडूंचा. गणपतीच्या विक्रीतून त्यांना ४०,००० आधीच दिले होते, "नात्यातले आहेत, आधी त्यांचे मिटवू" म्हणून. एका धनकोला मुद्दाम झुकते माप दिलेले पैसे, अर्ज तीन महिन्यांच्या आत आला तर परत मागवता येतात. तीन महिने सरेपर्यंत थांबून हे झाकायचे का? सल्ला असा दिला की उघड लिहा. तारीख टळली तरी बँकेच्या उताऱ्यावर ती नोंद राहणारच होती.

काय केले

पहिला हात चेकच्या प्रकरणाला घातला, कारण तिथे मुदती धावत होत्या. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत की पुढच्या महिन्याभरात तक्रार दाखल होऊ शकते. ती झालीही. हा गुन्हा कुठल्याही टप्प्यावर तडजोडीने मिटतो. लोक अदालतीत ९०,००० वर तडजोड ठरली: ३०,००० लगेच, बाकी ३,००० चे वीस हप्ते. हे ३०,००० आले त्या "बुडालेल्या" उधारीतून. दोन महिन्यांत, शिमग्याला मुंबईकर गावी आले तेव्हा वही घेऊन घरोघर जाऊन, ३४,००० गोळा झाले. फौजदारी खटल्याच्या दडपणाखाली दिलेले पैसे मर्जीने दिलेल्या झुकत्या मापात धरले जात नाहीत, तरी वकिलांनी कारण लिहून फाइलला लावले.

सावकाराला सव्वीस महिन्यांत व्याजापोटीच १,३०,००० गेले होते. त्याच्याकडे परवाना नव्हता. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार केली. त्याच्याकडे सहीचा कोरा चेक आणि कोरा स्टॅम्पपेपर होता. बँकेत "पेमेंट थांबवा" सांगितले की सुटलो, असा समज असतो. तेवढ्याने १३८ टळत नाही. म्हणून चेकचा क्रमांक देऊन, तो कोरा दिला होता हे नमूद करणारी नोटीस रजिस्टर पोस्टाने आधी पाठवली. चौकशी सुरू झाल्यावर दोन्ही कागद पंचांसमोर परत आले.

सगळ्यात अवघड निर्णय सोन्याचा, आणि तो दुकानदारांचा नव्हताच. तारणातले दागिने पत्नीचे स्त्रीधन. ते नवऱ्याच्या नादारीत जात नाही. घोटाळा असा की सोनेतारण कर्ज नवऱ्याच्या नावाने होते आणि बँकेच्या फॉर्मवर "दागिने माझ्या मालकीचे" असे छापील निवेदन त्यांनी सही केलेले. मालकी दाखवायला माहेरच्या सराफाची जुनी पावती आणि लग्नाचे फोटो शोधावे लागले. दोन पर्याय पत्नीसमोर आकड्यांसकट ठेवले आणि नवऱ्याला बाहेर बसवले. तिने सोने विकायचे ठरवले, जामीनदारांसाठी. सराफाने बँकेत येऊन १,८०,००० भरून दागिने सोडवले, ग्रॅममागे ६,२०० ने ३,७२,००० धरले आणि १,९२,००० तिच्या खात्यात जमा केले.

त्यातले १,९०,००० पतसंस्थेला. ३,८५,००० च्या जागी २,९०,००० वर सामोपचाराने तडजोड झाली, बाकी एक लाख २,५०० चे चाळीस हप्ते. ठरावात दोन वाक्ये आग्रहाने घालून घेतली: जामीनदारांवरील कारवाई स्थगित राहील, आणि सलग दोन हप्ते चुकले तरी तडजोड मोडणार नाही. दुसरे वाक्य घालायला सचिव तयार नव्हते.

बँकेकडे जमिनीचे ३,२०,००० आणि पूर्ण फाइल घेऊन गेले. थकबाकी निम्म्यावर मिटवायला शाखाधिकारी तोंडी कधीच हो म्हणत नाहीत, प्रस्ताव वर जावा लागतो. वर पाठवण्यासारखे कागद यावेळी तयार होते: पंचनामा, मालमत्तेची शपथेवरची यादी, नादारी झाली तर बँकेच्या हाती काय लागेल याचा अर्ध्या पानाचा हिशेब. सात आठवड्यांनी मंजुरी आली. पैसे भावाच्या खात्यातून आरटीजीएसने थेट कर्जखात्यात गेले.

पुढे काय झाले

नादारीचा अर्ज दाखल झालेला नाही. ठरलेले हप्ते सोडून राहिलेले देणे: वित्त कंपनी २,१०,०००, व्यापारी १,८५,०००, साडू १,१०,०००, जीएसटी ३८,०००. एकूण ५,४३,०००. पतअहवालात बँकेच्या खात्यापुढे "सेटल्ड" असा शेरा आला आहे, म्हणजे बरीच वर्षे कोणी बँक दारात उभी करणार नाही.

आषाढात विक्री आठ हजारांवर आली आणि पतसंस्थेचे दोन हप्ते चुकले. ते वाक्य होते म्हणून तडजोड टिकली.

वित्त कंपनीच्या वसुलीवाल्यांचे फोन रात्री नऊलाही यायचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही (मायक्रोफायनान्ससाठी ९ ते ६). कंपनीला लेखी तक्रार, तीस दिवसांत समाधान न झाल्याने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, आणि फोन थांबले. कर्ज मात्र आहे तिथेच आहे. लवादाची नोटीस आली तिला उत्तर दिले. अशा नोटिशा कचरा समजून ठेवून देणारे पुढे थेट दरखास्त आल्यावर जागे होतात.

काय वेगळे करता आले असते

हप्त्यांची बेरीज ५,५०० आणि शिल्लक ५,७००. हे गणित कागदावर बसले म्हणून मान्य झाले, आणि ते चुकीचे होते. पावसाळ्याचे तीन महिने वेगळे धरून तेव्हा निम्मा हप्ता मागायला हवा होता. कोकणात बारा महिन्यांची सरासरी काढणे हेच मुळात फसवे.

जमिनीचे सगळे पैसे एकट्या बँकेला गेले, यावर वित्त कंपनीचा आक्षेप रास्त आहे. बँकेने माल उचलला असता तर दुकानच बंद पडले असते, म्हणून तसे केले. पण नादार ठरवून घेऊन सर्व धनकोंपुढे एकच तडजोड ठेवण्याची वाट कायद्यात आहे. संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश धनको राजी झाले तर न्यायालय ती मंजूर करू शकते. इथे बँक आणि पतसंस्था मिळून निम्म्याहून अधिक रकमेचे धनी होते, त्यामुळे तो प्रयत्न अगदीच अव्यवहार्य नव्हता. त्याचा पुरेसा विचार झाला नाही.

सावकाराचे कर्ज २०२२ चे, म्हणजे आधीचीच देणी फिटत नसताना घेतलेले. फेडण्याची शक्यता नसताना कर्ज केले, हा मुद्दा मुक्ततेच्या वेळी विरोधात जातो. सल्ल्याला एक वर्ष आधी आले असते तर हे एक लाख, वरचे व्याज आणि कोरा चेक तिन्ही टळले असते.

फाइल घरी कपाटात आहे. सातबारे आणि खातेउतारे दर सहा महिन्यांनी नवे लावायचे ठरले आहे. अर्ज करायची वेळ कोणती, हेही आतल्या पानावर लिहून ठेवले आहे: लवादाच्या निवाड्याची दरखास्त आली आणि तिच्यात अटकेची कारणे दाखवा नोटीस निघाली, किंवा गावच्या घरातल्या हिश्शावर जप्ती आली, तर त्याच आठवड्यात तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय गाठायचे.